स्पेअर स्विच लावला की सगळे व्हीलॅन गायब: व्हीटीपीच्या रिव्हिजन नंबरचा घोळ

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. (व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी आभासी नेटवर्कं. व्हीटीपी म्हणजे त्यांची यादी सिस्को स्विचमध्ये वाटणारा प्रोटोकॉल, आणि त्या यादीचा रिव्हिजन नंबर दर बदलाला वाढतो.) सगळं सुरळीत चालू असतं. वीज गेलेली नसते, कुणी कॉन्फिगरेशनला हात लावलेला नसतो. आणि एकदम सगळ्या मजल्यांवरचे फोन, प्रिंटर, संगणक एकाच वेळी तुटतात. स्विच चालू असतात, त्यांच्यातले ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र वाहून नेणारे दुवे, चालू असतात, प्रोसेसरवर ताण नसतो, लूपही सापडत नाही. कोअर, म्हणजे मधल्या मुख्य स्विचवर 'शो व्हीलॅन ब्रीफ' मारावं तर यादीत फक्त पाच व्हीलॅन उरलेले: १, आणि १००२ ते १००५. बाकीचे जणू कधी बनवलेच नव्हते. तुम्ही ते पुन्हा टाइप करता, नेटवर्क उठतं, आणि काही आठवड्यांनी परत तेच.

मी सांभाळत होतो त्या नऊ स्विचच्या नेटवर्कमध्ये हे दोन महिन्यांत तीनदा झालं. पहिल्या वेळी आम्ही कोअर स्विचच्या फ्लॅशवर संशय घेतला. दुसऱ्या वेळी आयओएस, म्हणजे स्विचचं सॉफ्टवेअर, बदललं. तिसऱ्या वेळी सोबतच्या मुलाने फोन केला, "सर, व्हीलॅन परत गेले." मी विचारलं, "आज काय बदललं?" तो म्हणाला, "काहीच नाही सर. तिसऱ्या मजल्याचा स्विच बंद पडला होता, म्हणून स्पेअर लावला. पण तो तर कोरा आहे, कालच राइट इरेज केला होता."

घोळ त्या 'कोरा'मध्ये होता. तिथे येतोच, पण आत्ता तुमचं नेटवर्क पडलेलं असेल तर आधी ते उठवू.

पहिली गोष्ट, कोअर स्विच रीबूट करू नका. हात शिवशिवतात, पण उपयोग शून्य. व्हीलॅनची यादी फ्लॅशमधल्या 'व्हीलॅन.डॅट' नावाच्या फाइलमध्ये असते आणि त्या फाइलवर नवी, रिकामी यादी केव्हाच लिहिली गेलेली असते. रीबूट करून तीच रिकामी यादी परत येईल, वर दहा मिनिटं वाया जातील.

दुसरी गोष्ट, 'व्हीलॅन.डॅट'चा जुना बॅकअप तुमच्याकडे असला तरी तो थेट परत टाकू नका. यात मी स्वतः अडकलोय. बॅकअपमधला रिव्हिजन नंबर जुना, म्हणजे लहान असतो. आजूबाजूच्या आठ स्विचकडे आता मोठा नंबर आणि रिकामी यादी आहे. तुमचा कोअर बॅकअप घेऊन उठतो, ट्रंक वर येतात, आणि शेजारी त्याला सांगतात की आमच्याकडे यापेक्षा नवीन माहिती आहे. परत सगळं साफ.

करायचं ते इतकंच: व्हीटीपी सर्व्हर मोडमध्ये (ज्यात व्हीलॅन बनवता येतात) असलेल्या कोणत्याही एका स्विचवर व्हीलॅन त्याच क्रमांकांनी पुन्हा बनवायचे.

कॉन्फिगर टर्मिनल
व्हीलॅन १०
नेम अकाउंट्स
व्हीलॅन २०
नेम फोन
एंड

क्रमांक तेच हवेत, नावं नंतर सुधारता येतात. बनवलेला प्रत्येक व्हीलॅन रिव्हिजन नंबर एकने वाढवतो, तो आता सगळ्यांच्या वरचढ ठरतो, आणि यादी आपोआप सगळीकडे पोहोचते. पोर्टना हात लावायची गरज नाही. व्हीलॅन गेला म्हणून पोर्ट व्हीलॅन १ मध्ये जाऊन पडत नाही. तो आपल्या जुन्या क्रमांकाला धरून नुसता निपचित पडतो. 'शो इंटरफेसेस स्विचपोर्ट'मध्ये ॲक्सेस व्हीलॅन १० असंच दिसेल, पुढे 'इनॲक्टिव्ह' हा शब्द असेल. व्हीलॅन १० परत जन्माला आला की तो पोर्ट त्याच क्षणी जागा होतो. पहिल्या वेळी हे ठाऊक नव्हतं, म्हणून आम्ही दोघं बसून दोनशेच्या वर पोर्ट तपासत होतो. तुम्ही तो वेळ वाचवा.

म्हणून सगळ्या व्हीलॅनची यादी, वर दाखवलीय तशी कमांडच्या रूपात, एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये कायम जवळ ठेवा. 'व्हीलॅन.डॅट'च्या बॅकअपपेक्षा ही फाइल जास्त कामाची, कारण तिच्यात रिव्हिजन नंबर नसतो.

हे होतं कसं

व्हीटीपी म्हणजे व्हीलॅन ट्रंकिंग प्रोटोकॉल, सिस्कोचा स्वतःचा. नावात ट्रंकिंग असलं तरी फ्रेमला टॅग (व्हीलॅनचा क्रमांक) लावण्याशी त्याचा संबंध नाही. ते काम ८०२.१क्यूचं. व्हीटीपीचं काम एवढंच की एका स्विचवर व्हीलॅन बनवला की त्याची बातमी बाकीच्या स्विचना द्यायची. एका वेळी एक व्हीलॅन बनवायचा आणि तो नऊ ठिकाणी टाइप करायचा नाही, ही सोय. सोय खरीच मोठी आहे, म्हणून तर लोक ती चालू ठेवतात.

ही बातमी फक्त ट्रंक पोर्टवरून जाते, ॲक्सेस पोर्टवरून (एकाच व्हीलॅनचा, संगणक-फोन जोडायचा पोर्ट) नाही. फ्रेम ०१-००-०सी-सीसी-सीसी-सीसी या मल्टिकास्ट पत्त्यावर जाते. सीडीपीसुद्धा, म्हणजे सिस्कोची उपकरणं शेजाऱ्यांना आपली ओळख सांगतात तो प्रोटोकॉल, हाच पत्ता वापरतो. आतला प्रकार-क्रमांक वेगळा असतो, व्हीटीपीचा २००३ आणि सीडीपीचा २०००, दोन्ही हेक्समध्ये. पाकीट पकडून बघणार असाल तर फिल्टर लावताना हे लक्षात ठेवा, नाहीतर सीडीपीच्या गर्दीत व्हीटीपी हरवतो. आणखी एक, ट्रंकवरून व्हीलॅन १ काढून टाकला म्हणून व्हीटीपी थांबत नाही. परवानगीच्या यादीत व्हीलॅन १ नसला तरी ही नियंत्रणाची पाकिटं त्याच्यावरून जात राहतात.

संदेश मुख्यतः तीन प्रकारचे: सारांश, तपशील आणि मागणी. चौथा प्रुनिंगसाठीचा, त्याचा इथे संबंध नाही. सारांश दर ३०० सेकंदांनी जातो, आणि काही बदललं की ताबडतोब. त्यात व्हीलॅन नसतातच. असतं काय, तर व्हीटीपीची आवृत्ती, ३२ बाइटच्या जागेत डोमेनचं नाव, ३२ बिटचा रिव्हिजन नंबर, शेवटचा बदल करणाऱ्या स्विचचा आयपी, त्या बदलाची वेळ, आणि १६ बाइटचा एमडी५ डायजेस्ट, म्हणजे माहिती पडताळायचा ठसा. ऐकणारा स्विच डोमेनचं नाव जुळतं का बघतो, डायजेस्ट बरोबर आहे का बघतो, आणि मग एकच तुलना करतो: आलेला नंबर माझ्यापेक्षा मोठा आहे का? मोठा असेल तर तो तपशिलाची मागणी पाठवतो, तपशील येतो, आणि आपली आख्खी यादी पुसून तो आलेली यादी लिहून घेतो. मग पुढच्याला सांगतो.

या तुलनेत वेळ बघितली जात नाही. वेळ पाकिटात असते, पण निर्णयात तिचा वाटा नाही. पाठवणारा सर्व्हर आहे की क्लायंट हेही बघितलं जात नाही. आवृत्ती १ आणि २ मध्ये मोठ्या नंबरचा क्लायंटसुद्धा सर्व्हरची यादी पुसू शकतो. 'क्लायंट मोडमध्ये ठेवलाय, म्हणजे सुरक्षित' ही समजूत पक्की रुजलेली आहे आणि ती चुकीची आहे. क्लायंटवर बसून तुम्ही व्हीलॅन बनवू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याच्याकडे आधीपासून असलेली यादी तो बोलून दाखवतोच.

आणि आलेली यादी रिकामी आहे, तीस व्हीलॅनच्या जागी पाचच राहणार आहेत, याचं स्विचला काहीच वाटत नाही. व्हीलॅन काढून टाकणं हाही एक बदलच, त्यानेही नंबर एकने वाढतो.

आमचा स्पेअर काय करत होता

आता ती गोष्ट पूर्ण सांगतो, कारण 'पुन्हा पुन्हा' का होत होतं ते त्यातच आहे.

स्पेअर स्विच खोक्यातून आला तेव्हा खरोखर कोरा होता. मोड सर्व्हर, कारण कॅटलिस्ट स्विच तसेच येतात. डोमेनचं नाव रिकामं, रिव्हिजन नंबर ०. तो पहिल्यांदा नेटवर्कमध्ये लावला तेव्हा काहीच बिघडलं नाही. रिकाम्या नावाचा स्विच कानावर पडलेल्या पहिल्या सारांशातून डोमेनचं नाव उचलतो आणि यादीही घेतो, तसंच झालं. सगळं सुरळीत झालं म्हणूनच पुढे त्याच्यावर कुणाला संशय आला नाही.

दुरुस्त झालेला मूळ स्विच परत आला, स्पेअर निघाला आणि सरावाच्या टेबलावर गेला. आता त्याच्या पोटात आमचं डोमेन होतं आणि आमचा नंबर होता. टेबलावर मुलं शिकत होती. व्हीलॅन बनव, नाव बदल, काढून टाक, परत बनव. शेवटी नीटनेटकेपणाने सगळे व्हीलॅन काढून ठेवत. प्रत्येक पायरीला नंबर चढत गेला. उरलं काय, तर आमच्याच डोमेनचं नाव, रिकामी यादी, आणि जिवंत नेटवर्कपेक्षा मोठा नंबर. नेटवर्क पुसायला लागणारं सगळं सामान एका जागी जमलं.

मग 'राइट इरेज'. या कमांडने स्टार्टअप कॉन्फिग पुसलं जातं. 'व्हीलॅन.डॅट' ही वेगळी फाइल, तिला धक्काही लागत नाही. सर्व्हर आणि क्लायंट मोडमध्ये डोमेन, मोड, नंबर, पासवर्ड, सगळं त्याच फाइलमधून येतं. कोरा दिसणारा स्विच रीबूट झाल्यावर नाव विचारतो, पहिल्या सेटअपचे प्रश्न विचारतो, आणि आतमध्ये जुनी ओळख जशीच्या तशी सांभाळून असतो.

पहिल्यांदा पडलं तेव्हा आमच्या नेटवर्कचा नंबर ४१ होता आणि स्पेअरचा ६३. हे तेव्हा कुणी बघितलं नव्हतं. नंतर जतन केलेल्या नोंदींतून जुळवलं. आम्ही व्हीलॅन परत टाइप केले, नंबर सत्तरीच्या पुढे गेला, स्पेअरनेही तोच घेतला. दुरुस्ती झाल्यावर तो परत टेबलावर, परत सराव, परत चढता नंबर. म्हणजे प्रत्येक वेळी आमच्याच दुरुस्तीवरून तो पुढच्या उडीची तयारी करत होता. नेटवर्क पडायला त्या मजल्याचा स्विच बिघडायचंच निमित्त लागत होतं.

गुन्हेगार सापडला तो एका ओळीवरून. 'शो व्हीटीपी स्टेटस'मध्ये खालच्या बाजूला लिहिलेलं असतं की कॉन्फिगरेशन शेवटचं कुणी आणि कधी बदललं. आमच्या नऊही स्विचवर तिथे १९२.१६८.५०.२ असा आयपी होता आणि तारीख ३-१-९३. हा आयपी आमच्या नेटवर्कमधल्या कोणत्याच स्विचचा नव्हता, सरावाच्या टेबलावरचा होता. आणि ती तारीख म्हणजे १ मार्च १९९३. घड्याळ न लावलेले सिस्को स्विच तिथूनच वेळ मोजायला लागतात. घड्याळ नसलेल्या, टेबलावरच्या, एकट्या स्विचवर झालेला बदल आख्ख्या नेटवर्कने शिरोधार्य मानला होता.

तुमच्याकडे पडलं असेल तर व्हीलॅन परत टाइप करण्याआधी दहा सेकंद काढून ही ओळ टिपून ठेवा. तुम्ही पहिला बदल केलात की तिथे तुमच्या सर्व्हरचा आयपी येतो आणि पुरावा जातो. आम्ही दोनदा तो असाच घालवला.

राउटर का फसवतो

पहिल्या दोन वेळा तपास भरकटला त्याला आणखी एक कारण होतं, आणि ते राउटरचं आहे.

राउटर व्हीटीपीत भाग घेत नाही. एकाच केबलवर सबइंटरफेस बनवून व्हीलॅनमध्ये रूटिंग करणारा राउटर, म्हणजे राउटर ऑन अ स्टिक, त्याला व्हीलॅनची यादीच नसते. 'एन्कॅप्सुलेशन डॉट१क्यू १०' याचा त्याच्या दृष्टीने अर्थ इतकाच की १० चा टॅग लावलेली फ्रेम आली तर ती या सबइंटरफेसची. समोरच्या ट्रंकवरून स्विच व्हीटीपीचे संदेश पाठवत असतो. राउटर ते घेत नाही आणि दुसऱ्या इंटरफेसवरून पुढेही सोडत नाही.

याचा परिणाम असा की स्विचवरचा व्हीलॅन १० मेला तरी राउटरवरचा सबइंटरफेस अप-अपच राहतो, कारण तो केबलच्या अवस्थेवर अवलंबून आहे, व्हीलॅनच्या नाही. राउटरवर बसून गेटवेचा आयपी पिंग केला तर उत्तर येतं. रूटिंग टेबल शाबूत दिसतं. मग आपण म्हणतो, राउटर ठीक आहे, बिघाड वायरिंगमध्ये किंवा डीएचसीपीत (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेत) असेल, आणि तासभर तिकडे जातो.

लेयर ३ स्विचवर, म्हणजे रूटिंगही करणाऱ्या स्विचवर, उलटं. तिथे 'इंटरफेस व्हीलॅन १०' हा व्हीलॅनच्या जिवावर जगतो. व्हीलॅन गेला की तो डाउन होतो, त्याचा रूट टेबलमधून जातो, आणि रूटिंग प्रोटोकॉल चालू असेल तर ही बातमी शेजाऱ्यांनाही जाते. म्हणजे तिथे बिघाड निदान आरडाओरडा करतो. दोन्ही प्रकारची उपकरणं असतील तर तपास नेहमी स्विचपासून सुरू करा, राउटरपासून नाही.

याच स्वभावाचा फायदाही आहे. दोन इमारतींमधली लिंक 'नो स्विचपोर्ट' करून रूटेड ठेवली तर व्हीटीपी ती ओलांडत नाही. डोमेनचं नाव दोन्हीकडे सारखं असलं तरी ती दोन वेगळी बेटं. एकीकडे यादी पुसली गेली तर नुकसान त्याच बाजूला राहतं. नवी मांडणी करताना मी हे मुद्दाम करतो.

एक अपवाद लक्षात ठेवा: काही राउटरमध्ये स्विचिंगचं मॉड्यूल बसवलेलं असतं. त्या पोर्टांपुरता तो राउटर स्विचच आहे, तो व्हीटीपी बोलतो आणि त्याचाही रिव्हिजन नंबर असतो. जुन्या मॉड्यूलवर यादी बघायला 'शो व्हीलॅन-स्विच' लागतं. राउटर आहे म्हणून त्याला यादीतून सोडू नका.

कायमचा उपाय

स्पेअर स्विच खरोखर कोरा करण्यापासून सुरुवात. आधी सगळ्या ट्रंकच्या केबल काढा. लावलेल्या ठेवल्यात तर तो पुसल्या-पुसल्या शेजाऱ्याकडून सगळं परत शिकेल. मग कन्सोलवरून:

डिलीट फ्लॅश:व्हीलॅन.डॅट
इरेज स्टार्टअप-कॉन्फिग
रीलोड

फाइलचं नाव विचारलं की एंटर. रीलोड करताना कॉन्फिगरेशन सेव्ह करू का असं विचारलं तर 'नो' म्हणा, नाहीतर चालू कॉन्फिग परत लिहिलं जाईल आणि पुसलेलं वाया. मोठ्या चासिसच्या काही स्विचमध्ये ही फाइल फ्लॅशमध्ये नसून वेगळ्या नावाच्या साठ्यात असते. 'शो फाइल सिस्टिम्स'ने ती शोधा. स्विच उठल्यावर 'शो व्हीटीपी स्टेटस' बघा: डोमेन रिकामं, रिव्हिजन नंबर ०, एकूण व्हीलॅन ५. हे तिन्ही दिसल्याशिवाय केबल लावायची नाही.

फाइल पुसायची सवड नसेल तर मोड ट्रान्सपरंट (आपली यादी आपल्यापुरती ठेवणारा) करून परत सर्व्हर किंवा क्लायंट केला तरी नंबर शून्यावर येतो. डोमेनचं नाव बदलून परत पहिलं दिलं तरी येतो. घाईच्या वेळी मी ट्रान्सपरंटवाला मार्ग घेतो, कारण त्यात नाव टाइप करताना चूक व्हायची शक्यता नाही.

पासवर्ड लावला तर भागेल का, हा प्रश्न नेहमी येतो. पासवर्ड जरूर लावा, परका स्विच त्याने अडतो. पण आमचा स्पेअर परका नव्हता. पासवर्डही 'व्हीलॅन.डॅट'मध्येच राहतो, म्हणजे घरातून बाहेर जाऊन परत येणाऱ्या स्विचजवळ किल्ली असतेच.

तसंच, रिकाम्या पोर्टांवर 'स्विचपोर्ट मोड ॲक्सेस' लावून ठेवा. अनेक कॅटलिस्टचे पोर्ट मुळात समोरच्याशी बोलून ट्रंक व्हायला तयार असतात. कुणी भलत्याच खोलीत भलत्याच पोर्टला स्विच जोडला तरी त्याचा ट्रंक होऊ नये, एवढी काळजी घेतली की व्हीटीपीला वाटच मिळत नाही. जे ट्रंक हवेत ते हाताने ट्रंक करा आणि 'स्विचपोर्ट नॉनेगोशिएट' द्या. राउटरकडे जाणारा ट्रंक तर हातानेच करावा लागतो, राउटर ही वाटाघाट करत नाही.

हे सगळं करूनही माणसाच्या लक्षात राहण्यावर भिस्त उरते, आणि रात्री अकरा वाजता स्विच बदलणाऱ्या माणसाच्या लक्षात राहण्यावर नेटवर्क उभं ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. म्हणून आम्ही नऊही स्विच ट्रान्सपरंट केले. ट्रान्सपरंट स्विच दुसऱ्याची यादी स्वतःला लावून घेत नाही, आपली दुसऱ्याला सांगत नाही, आलेले संदेश नुसते पुढे जाऊ देतो. मोड बदलताना आधीचे व्हीलॅन जात नाहीत, चालू नेटवर्कमध्ये दिवसाढवळ्या करता येतं. शिवाय व्हीलॅन आता रनिंग कॉन्फिगमध्ये दिसायला लागतात, म्हणजे नेहमीच्या कॉन्फिग बॅकअपमध्ये आपोआप येतात. बदलानंतर 'राइट मेमरी' विसरू नका. डोमेनचं नाव मात्र सगळीकडे तेच ठेवा. ते वेगळं झालं तर डायनॅमिक ट्रंकची वाटाघाट फिसकटते आणि लॉगमध्ये डीटीपीची (ही वाटाघाट करणाऱ्या प्रोटोकॉलची) डोमेन मिसमॅचची तक्रार येते.

किंमत आहेच. नवा व्हीलॅन आता वाटेतल्या प्रत्येक स्विचवर बनवावा लागतो. मधल्या एकावर राहिला तर त्या व्हीलॅनची वाहतूक तिथेच मरते, आणि दोन्ही टोकांना सगळं बरोबर दिसत असल्यामुळे ते शोधायला वेळ लागतो. नऊ स्विचना हे चालतं. नव्वद असतील तर मी व्हीटीपी आवृत्ती ३ घेईन.

आवृत्ती ३ ने मुळावर घाव घातला. त्यात व्हीलॅन बदलायचा अधिकार फक्त प्रायमरी सर्व्हरला, आणि तो अधिकार 'व्हीटीपी प्रायमरी व्हीलॅन' ही कमांड देऊन, खात्री करून घ्यावा लागतो. नुसता मोठा नंबर घेऊन आलेल्याला किंमत नाही. त्या यादीमागचा प्रायमरी आपलाच आहे का हे बघितलं जातं. आवृत्ती २ बोलणाऱ्या शेजाऱ्याकडून तो कॉन्फिगरेशन घेतच नाही. डोमेनचं नाव दिल्याशिवाय ही आवृत्ती चालू होत नाही, आणि १००६ ते ४०९४ हे व्हीलॅनही पसरवते, जे आधीच्या दोन आवृत्त्या पसरवत नाहीत. एक खोच आहे: प्रायमरी स्विच रीबूट झाला की तो साधा सर्व्हर होतो. पुढच्या वेळी व्हीलॅन बनवताना परवानगी नाही असं आलं तर घाबरू नका, प्रायमरीची कमांड परत द्या. नव्या आयओएसमध्ये 'व्हीटीपी मोड ऑफ'ही मिळतो. तो संदेश पुढेही जाऊ देत नाही, आणि व्हीटीपी मुळीच वापरायचं नसेल तर मला तोच सगळ्यात स्वच्छ वाटतो.

व्हीलॅन जात नसून पोहोचतच नसतील तर

हा उलटा आजार, पण बघायची जागा तीच. डोमेनच्या नावात लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. नावाच्या शेवटी चुकून पडलेली स्पेसही नावाचाच भाग होते आणि डोळ्यांना दिसत नाही. संशय आला तर दोन्हीकडे नाव नव्याने टाइप करा. पासवर्ड वेगळा असेल तर 'शो व्हीटीपी स्टेटस'च्या शेवटी एमडी५ डायजेस्ट जुळत नाही अशी ओळ येते, पोर्टच्या नावासकट. आणि ट्रंक खरंच ट्रंक आहे का, ते 'शो इंटरफेसेस ट्रंक'ने बघा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

एक प्रकार मात्र अवघड आहे: दोन स्विचवर रिव्हिजन नंबर सारखा, यादी वेगळी. ट्रंक तुटलेला असताना दोन सर्व्हरवर दोघांनी सारखेच बदल मोजून केले तर असं होतं. नंबर सारखा म्हणून कुणीच कुणाचं घेत नाही, आणि तक्रारही समोर येत नाही. 'शो व्हीटीपी काउंटर्स'मध्ये कॉन्फिग रिव्हिजन एरर्सचा आकडा मात्र दर पाच मिनिटांनी चढत असतो. दोन्हीकडचा डायजेस्ट ताडून बघा, वेगळा असेल तर हेच. ज्या सर्व्हरची यादी बरोबर आहे तिथे एक खोटा व्हीलॅन बनवा आणि काढून टाका. त्याचा नंबर पुढे जातो, दुसरा गपगुमान त्याचं घेतो. दुसऱ्याकडे काही कामाचे व्हीलॅन असतील तर ते आधी इकडे लिहून घ्या, कारण तिकडचे पुसले जाणार आहेत.

सगळे ट्रान्सपरंट केल्यावर साधारण महिन्याभराने तिसऱ्या मजल्याचा तोच स्विच पुन्हा बंद पडला आणि तोच स्पेअर काढला. या वेळी मुलाने केबल लावायच्या आधी कन्सोलवरून 'शो व्हीटीपी स्टेटस' मारून मला पाठवला. डोमेन आमचंच होतं, नंबर होता १३४. सरावानंतर त्याची फाइल पुसायची राहून गेली होती. त्याने ती पुसली, रीलोड केला, शून्य बघितलं, मोड ट्रान्सपरंट केला, टेक्स्ट फाइलमधले व्हीलॅन टाकले आणि मग ट्रंक जोडला.